मुंबईतील पागडी : एका निषिद्ध व्यवहाराचा कायदेशीर इतिहास

मुंबई शहरात घर विकत घेणे आणि घर भाड्याने घेणे या दोहोंच्या मध्ये तिसरा एक व्यवहार सुमारे पाऊण शतक रूढ आहे. त्यात घेणारा मोठी रक्कम एकदम मोजतो, त्यानंतर दरमहा अगदी किरकोळ भाडे देतो, आणि तरीही कायद्याच्या दृष्टीने तो त्या घराचा मालक होत नाही. ह्या रकमेस 'पागडी' असे म्हणतात. वतनदारांच्या हक्कांत व मानपानांत 'शेला-पागोटे' देण्याची जी जुनी चाल होती, तिचे स्मरण हा शब्द करून देतो. मान म्हणून काहीतरी वर द्यावयाचे, आणि ते मूळ देण्यात मोजावयाचे नाही, हा भाव दोहोंकडे सारखाच आहे. कलकत्त्यात ह्याच देण्यास 'सलामी' म्हणतात. तेथेही शब्द आदराचा आणि व्यवहार रोखीचा, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पागडीविषयी सर्वसाधारण समज असा की, ती कायदा धाब्यावर बसवून चाललेली एक अनीती होती, आणि ती फार बोकाळल्यामुळे शासनाने शेवटी हात टेकले. हा समज अर्धवट आहे. पागडीचा आकार, तिच्यातील वाटेकरी, तिची पावती कोणाच्या नावे निघावी हा प्रश्न, इतकेच नव्हे तर तिची रक्कम किती असावी हेसुद्धा कायद्याच्या कलमांनीच ठरविले. कायद्याने ज्या हक्काची किंमत भाड्यातून वजा केली, त्या हक्काची ती किंमत होती. प्रस्तुत लेखात ह्या दृष्टीने १९१८ पासूनच्या भाडे-कायद्यांचा मागोवा घेतला आहे.

आरंभ १८८२ पासून करणे इष्ट. त्या वर्षीच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या १०५ व्या कलमात भाडेपट्ट्याची जी व्याख्या आहे, तीत भाडेपट्टा हा उपभोगाच्या हक्काचे हस्तांतर असून त्याचा मोबदला दोन रूपांत असू शकतो असे सांगितले आहे : ठरावीक मुदतीने द्यावयाचे ते 'भाडे', आणि एकदम द्यावयाचे ते 'अधिमूल्य'. दोन्ही सारखीच कायदेशीर. त्याच अधिनियमाच्या १०८ व्या कलमातील एका खंडाने, विरुद्ध करार नसल्यास, भाडेकरूस आपला हक्क दुसऱ्यास देण्याची किंवा पोटभाडेकरू ठेवण्याचीही मुभा दिली. म्हणजे पुढे ज्या दोन गोष्टी गुन्हा अथवा अवैध ठरल्या, त्या दोन्ही एकोणिसाव्या शतकाच्या कायद्यास संमत होत्या. अधिमूल्य घेणे हे मुळात पाप नव्हते. ते पाप ठरविले गेले, आणि कशासाठी ठरविले गेले ते पाहणे अगत्याचे आहे.

१८९६ च्या प्लेगने मुंबईच्या दाट वस्तीचा प्रश्न ऐरणीवर आणला. १८९८ मध्ये सुधारणा मंडळाची, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्टची, स्थापना झाली. रस्ते रुंद झाले, जुन्या वस्त्या पडल्या. परंतु जितकी बिऱ्हाडे उठली तितकी बसली नाहीत. गिरण्यांसाठी कोकण-घाटावरून येणारा कामगार चाळीतील एका खोलीत राहत होता, आणि ती खोलीही अनेकदा तो दुसऱ्या गाववाल्यांबरोबर वाटून घेत होता. पहिल्या महायुद्धात बांधकामाचे साहित्य महागले, नवी घरे थांबली आणि भाडी चढू लागली. विलायतेतही तीच अवस्था होती. ग्लासगो येथील भाडेकरूंच्या भाडेबंदीनंतर १९१५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने युद्धकालीन भाडेनिर्बंधाचा कायदा केला. त्यात भाडे गोठविले होते आणि भाडेकरार देताना वा चालू ठेवताना अधिमूल्य मागण्यास मनाई केली होती. ही मनाई तर्कशुद्धच म्हटली पाहिजे. भाडे गोठवून अधिमूल्य मोकळे ठेवले असते, तर एका दाराने काढलेली रक्कम दुसऱ्या दाराने आत आली असती.

मुंबईत १९१८ मध्ये युद्धकालीन भाडेनिर्बंधाचे कायदे झाले, ते ह्याच धर्तीवर. १ जानेवारी १९१६ रोजीचे भाडे हे प्रमाण मानण्यात आले. कायदा तात्पुरता होता आणि १९२० नंतरच्या दशकात तो टप्प्याटप्प्याने संपुष्टातही आला. ह्या मधल्या काळात १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. त्यांनाच आपण बी. डी. डी. चाळी म्हणतो. येथे सरकार स्वतःच घरमालक होते. १९१८ चा कायदा तात्पुरता होता आणि खरोखरच संपला, हे विसरून चालणार नाही. कारण त्यानंतरच्या कायद्यांनीही हेच आश्वासन दिले होते.

दुसरे महायुद्ध सुरू होताच १९३९ मध्ये आणि पुन्हा १९४४ मध्ये मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. स्वातंत्र्य आले त्या वर्षी ह्या दोहोंच्या जागी एकच कायदा करण्यात आला : मुंबई भाडे, हॉटेल व निवासगृह दर नियंत्रण अधिनियम, १९४७, म्हणजे त्या वर्षाचा ५७ वा अधिनियम. तो १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला. तेव्हाची शहराची स्थिती पाहिल्यास हा कायदा टाळता आला असता असे कोणासही म्हणता येणार नाही. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. १९४१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती, ती १९५१ मध्ये २८ लाखांवर गेली. १९५० मध्ये शहराची हद्द वाढली होती हे जमेस धरूनही ही वाढ असामान्य होती. अशा वेळी भाडेकरूस संरक्षण दिले नसते, तर कारकून आणि कामगार ह्या दोन्ही वर्गांस शहरात राहणेच अशक्य झाले असते.

ह्या अधिनियमाने तीन बंध घातले. पहिला भाड्याचा. १ सप्टेंबर १९४० रोजी जागा ज्या भाड्याने दिलेली होती, ते तिचे प्रमाण भाडे. त्या दिवशी ती भाड्याने दिलेली नसल्यास त्यापूर्वीचे शेवटचे. आणि त्या दिवसानंतर प्रथमच दिलेली असल्यास ते पहिले भाडे, अथवा न्यायालय ठरवील ते. युद्धकालीन महागाई भाड्यांत उतरण्यापूर्वीचा दिवस म्हणून १ सप्टेंबर १९४० हा दिनांक निवडला गेला, आणि तात्पुरत्या कायद्यात तो शोभणाराही होता. दुसरा बंध ताब्याचा. भाडेकरू प्रमाण भाडे देत आहे किंवा देण्यास तयार आहे तोवर त्यास काढता येणार नाही. १३ व्या कलमात दिलेल्या कारणांपैकी एखादे मालकाने सिद्ध केले तरच गोष्ट वेगळी. ह्या कारणांत मालकाची स्वतःची खरीखुरी गरज होती. परंतु घर सोडावे लागल्यास जास्त हाल कोणाचे होतील ही तुलनाही न्यायालयाने करावयाची होती. तिसरा बंध हस्तांतराचा. १५ व्या कलमान्वये भाडेकरूस पोटभाडेकरू ठेवणे किंवा आपला हक्क दुसऱ्यास देणे अवैध ठरले. १८८२ ने दिलेली मुभा अशा रीतीने काढून घेतली गेली.

वाचकांच्या लक्षात येईल की, ह्या तीन बंधांनी मिळून एक नवीनच वस्तू निर्माण केली. दरवर्षी स्वस्त होत जाणारी आणि सहसा हिरावून घेता न येणारी जागा, म्हणजे अर्धी मालमत्ताच. समजा, १९४० साली गिरगावातील एका खोलीचे भाडे २० रुपये होते. करवाढीमुळे मिळणारी अनुज्ञेय वाढ सोडली, तर १९६० मध्येही ते २० रुपयेच, आणि १९९० मध्येही त्याच्या आसपासच. बाजारात त्या खोलीचे जे मोल होते आणि जे भाडे प्रत्यक्षात द्यावे लागे, त्यांतील अंतर वर्षानुवर्षे वाढत गेले. हे अंतर कोणाच्या तरी हाती पडणारच होते. त्याचा लाभ जागेत बसलेल्या भाडेकरूस मिळाला. आणि तो जागा सोडू लागला की ह्या लाभाची किंमत मागू लागला.

अधिनियमकर्त्यांस हे ठाऊक नव्हते असे नाही. १८ व्या कलमाने मालकास आणि १९ व्या कलमाने भाडेकरूस, जागा देण्याबद्दल वा सोडण्याबद्दल कोणतीही रक्कम घेण्यास मनाई केली. मालकाने ती घेतल्यास कारावास, आणि शिवाय घेतलेल्या रकमेहून कमी नसेल इतका दंड. दोघांसाठी दोन स्वतंत्र कलमे करावी लागली, ह्यातच पागडीचे दोन प्रकार आरंभापासून स्पष्ट होतात. रिकामी खोली देताना मालक जे घेई ती पहिली पागडी. जुना भाडेकरू नव्याकडून घेई ती दुसरी. आणि तीत नव्या नावाची भाडेपावती काढून देण्याबद्दल मालकाचा वाटा असे. १५ व्या कलमाने मालकाच्या संमतीविना हस्तांतर अशक्य केले नसते, तर हा वाटा मालकास मिळण्याचे कारणच उरले नसते. कायद्याने मालकाचे भाडे काढून घेतले आणि त्याच्या हाती पावतीपुस्तक ठेवले. पुढील अर्धशतकात ह्या पावतीपुस्तकाचे मोल भाड्याहून कितीतरी अधिक झाले.

इतिहाससंशोधकास येथे एक अडचण येते. पागडीचा दस्तऐवज असत नाही. खरेदीखत नाही, नोंदणी नाही, मुद्रांक नाही. असते ती केवळ एका नावाची शेवटची पावती आणि दुसऱ्या नावाची पहिली पावती. त्यामुळे ह्या व्यवहाराचे ज्ञान आपणास मुख्यतः दोन मार्गांनी होते. पहिला मार्ग लघुवाद न्यायालयापासून वरपर्यंत गेलेल्या खटल्यांचा, म्हणजे जेथे व्यवहार फिसकटला त्या प्रसंगांचा. दुसरा मार्ग खुद्द कायद्याच्या दुरुस्त्यांचा. दुरुस्ती ही एक प्रकारची कबुली असते. कोणती गोष्ट थोपविता आली नाही हे तीत लिहिलेले असते. प्रस्तुत लेखात दुसऱ्या मार्गावर अधिक भर दिला आहे.

अशी पहिली कबुली फार लवकर आली. १५ व्या कलमातच, ठरावीक प्रकारच्या हस्तांतरांस अधिसूचनेद्वारा परवानगी देण्याची सोय शासनाने राखून ठेवली होती. त्यानुसार २१ सप्टेंबर १९४८ च्या अधिसूचनेने दुकानाच्या बाबतीत एक वाट मोकळी केली. चालता धंदा त्यातील माल व नावलौकिक यांसह विकावयाचा असेल, तर त्याबरोबर जागेचा भाडेहक्कही देता येईल असे तीत म्हटले होते. हेतू योग्यच होता; व्यापाऱ्यास धंदा विकता येऊ नये असे कोण म्हणेल? परंतु ह्यापुढे 'नावलौकिका'ची किंमत कोठे संपते आणि जागेची पागडी कोठे सुरू होते, हे सांगणे न्यायालयांसही कठीण झाले. राहत्या जागेस अशी वाट नव्हती. तेथे सामानसुमानाची खरेदी, भागीदारी, नात्यातील माणूस, जागा सांभाळणारा माणूस अशी निरनिराळी सोंगे घ्यावी लागली.

दुसरी कबुली १९५९ मधील. पोटभाडेकरू ठेवण्यास बंदी होऊन दशक उलटले होते आणि शहर पोटभाडेकरूंनी भरलेले होते. कायदा अक्षरशः लावला असता, तर मूळ भाडेकरू व त्याचे पोटभाडेकरू दोघेही रस्त्यावर आले असते. तेव्हा अध्यादेश काढून, २१ मे १९५९ पूर्वी ताबा मिळालेल्या पोटभाडेकरूंस वैध ठरविण्यात आले. बंदी कायम राहिली. फक्त तिची सुरुवात त्या दिवसापासून झाली असे मानावयाचे. योगायोग असा की, त्याच मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात भाडेपट्टा आणि परवाना ह्यांतील भेदाचा विचार केला. सुविधाधिकार अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये परवाना म्हणजे जागेत कोणताही हितसंबंध न देता केवळ वापरण्याची अनुमती. न्या. सुब्बा राव यांनी असे प्रतिपादन केले की, दस्तऐवजाच्या नावापेक्षा त्याचे अंतरंग पाहिले पाहिजे. पक्षकारांस जागेत हितसंबंध द्यावयाचा होता की केवळ अनुमती, हीच खरी कसोटी.

ह्या कसोटीचा मुंबईतील परिणाम मोठा झाला. भाडे-कायदा भाडेकरूस संरक्षण देतो, परवानाधारकास नाही. तेव्हा भाडेकरू न करता परवानाधारक करावा, ही युक्ती रूढ झाली. 'लीव्ह अँड लायसेन्स' हे शब्द मराठी बोलीत जसेच्या तसे शिरले, ते ह्याच काळात. अकरा महिन्यांचा कागद, दरवेळी नवा, माणूस मात्र तोच. न्यायालयांपुढे असे शेकडो कागद येऊ लागले आणि प्रत्येकाचे अंतरंग तपासणे भाग पडले. अखेर १९७३ च्या १७ व्या अधिनियमाने १५-अ हे कलम घालून, १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू परवान्याखाली जागेत असलेला परवानाधारक हा मालकाचा भाडेकरू झाला असे मानण्यात आले. ही तिसरी कबुली. आम्हांस असे वाटते की, ह्या एका दुरुस्तीने मुंबईतील घरमालकांच्या मनात जी धास्ती बसली ती पुढे पुष्कळ वर्षे गेली नाही. कागदावर काहीही लिहून घेतले तरी उद्या एखादा दिनांक जाहीर होईल आणि आपला परवानाधारक आपला भाडेकरू ठरेल, ह्या भयाने शहरातील अनेक सदनिका कुलूपबंद राहिल्या. ज्यांना भाड्याच्या घराची सर्वांत अधिक निकड होती, त्या नवागतांस ह्याचा फटका बसला. आणि नवागतांस मतदारयादीत किंवा भाडेकरूंच्या संघटनेत अजून जागा नव्हती.

एवढ्यात नवे बांधकाम भाड्यासाठी होणे जवळजवळ थांबले होते. सहकारी गृहनिर्माणाचा पाया गावदेवीतील सारस्वत सोसायटीने १९१५ मध्येच घातला होता. पण मालकीच्या सदनिकेचा खरा प्रसार ह्या काळातला. १९६३ चा मालकी सदनिकांविषयीचा अधिनियम त्यामुळेच आवश्यक झाला. हा निराळा विषय असल्याने येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. एवढे मात्र नमूद केले पाहिजे की, 'ओनरशिपची जागा' आणि 'पागडीची जागा' हा भेद मुंबईकराच्या बोलण्यात तेव्हापासून पक्का झाला.

जुन्या इमारतींची गत काय झाली? वीस रुपयांच्या भाड्यातून छपराची कौले बदलता येत नाहीत. मालकाने दुरुस्ती सोडली, भाडेकरूने ती आपली जबाबदारी मानली नाही, आणि पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. १९६९ मध्ये मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा अधिनियम झाला आणि शहर-विभागातील जुन्या इमारतींवर उपकर बसवून त्यांची संरचनात्मक दुरुस्ती मंडळाने करावी असे ठरले. उपकराच्या कक्षेत आरंभी १९,६४२ इमारती आल्या. त्यांचे तीन वर्ग करण्यात आले. 'अ' वर्गात १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या १६,५०२. 'ब' वर्गात त्यानंतर १९५० अखेरपर्यंतच्या १,४८९. 'क' वर्गात १९५१ पासून सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या १,६५१. 'अ' वर्गाची सीमारेषा पाहावी : जो दिनांक प्रमाण भाड्याचा, तोच मोडकळीस आलेल्या इमारतीचा. अधिकाऱ्यांनी तो सोयीसाठी घेतला असेल. तथापि, भाडे ज्या दिवशी थांबले त्याच दिवसापासून इमारतीचे वय मोजले जावे, ही गोष्ट पुष्कळ काही सांगून जाते.

पुढे १९७६ च्या महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास अधिनियमात हे मंडळ सामावले गेले. १९८६ मध्ये त्या अधिनियमात आठ-अ हे प्रकरण घालण्यात आले. त्यान्वये उपकरप्राप्त इमारतीतील रहिवाशांनी सहकारी संस्था स्थापून मागणी केल्यास ती इमारत संपादन करता येईल आणि मालकास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम मिळेल अशी तरतूद झाली. वर घेतलेल्या कल्पित उदाहरणात ही भरपाई एका खोलीमागे २,००० रुपये इतकी होते. त्याच सुमारास त्याच खोलीची पागडी ह्याच्या कितीतरी पट होती हे सांगावयास नको. अशा प्रकारे एकाच खोलीची दोन मूल्ये शहरात नांदत होती. मालकाचा हक्क कायद्याने मोजला तो शंभर महिन्यांच्या भाड्यात. भाडेकरूचा हक्क बाजाराने मोजला तो रोखीत. मालकांनी ह्या प्रकरणास न्यायालयात आव्हान दिले.

दुसऱ्या एका कायद्याने मात्र डोळे उघडे ठेवले होते, तो म्हणजे आयकराचा कायदा. भाडेहक्क सोडण्याबद्दल मिळालेल्या रकमेवर भांडवली लाभाचा कर बसावा, आणि ज्या हक्कासाठी काहीच मोजलेले नाही त्याचा खर्च शून्य धरावा, अशी तरतूद १९९४ च्या वित्त अधिनियमाने केली. ती एप्रिल १९९५ पासून अमलात आली. भाडे-कायद्याच्या १९ व्या कलमाखाली ती रक्कम घेणे त्या वेळीही गुन्हाच होते. एक शासन जी रक्कम घेतल्याबद्दल शिक्षा सांगते तिच्यावर दुसरे शासन कर मागते, ह्यात कायदेशास्त्राच्या दृष्टीने विसंगती नाही. बेकायदेशीर उत्पन्नही करपात्र असते. पण आता ही मिळकत भांडवली स्वरूपाची, म्हणजे मालमत्तेच्या विक्रीची आहे, असे संसदेने मानले होते. भाडेहक्क ही मालमत्ता आहे की केवळ वैयक्तिक संरक्षण, हा भाडे-कायद्यातील वाद त्यामुळे मिटला नाही. १९९४ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने १९४७ च्या अधिनियमाखाली असा निर्णय दिला की, भाडेहक्क मृत्युपत्राने कोणास देता येत नाही. ५ व्या कलमातील व्याख्येनुसार तो मृत भाडेकरूबरोबर राहत असलेल्या कुटुंबीयाकडेच जातो. ज्यासाठी आयुष्यभराची पुंजी मोजली ते घर मृत्युपत्रात लिहिता येत नाही, ही पागडीधारकाची खरी अवस्था.

१९४७ चा अधिनियम मूळचा अल्पकालीन. त्यास पुन्हापुन्हा मुदतवाढ मिळत गेली. १९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाण भाड्याच्या तरतुदींविषयी निर्णय दिला. केल्या तेव्हा ह्या तरतुदी वाजवी होत्या. परंतु काळाच्या ओघात त्या अवाजवी व मनमानी झाल्या आहेत आणि समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरतात, असे न्यायालयाने म्हटले. एखादा कायदा जन्मतः वैध असूनही पुढे अवैध होऊ शकतो, हे तत्त्व ह्या निर्णयामुळे प्रसिद्धीस आले. तरीही न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या नाहीत. अधिनियमाची मुदत ३१ मार्च १९९८ रोजी संपत होती, आणि नवा कायदा करणे हे विधिमंडळाचे काम होते. प्रत्यक्षात जुना कायदा आणखी दोन वर्षे चालला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अमलात आला.

नव्या अधिनियमाने दरवर्षी चार टक्के भाडेवाढ मान्य केली. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये वा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या ह्यांना संरक्षणातून वगळले. भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी मालकाची, असे ५५ व्या कलमाने सांगितले. करार नोंदलेला नसल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाईल. अकरा महिन्यांचा कागद मसुद्याच्या रूपात कपाटात ठेवण्याची चाल त्यामुळे मालकासच धोक्याची झाली. हे कलम अधिनियमातील सर्वांत उपयुक्त कलमांपैकी एक आहे असे आमचे मत आहे.

आमच्या विषयाच्या दृष्टीने ५६ वे कलम महत्त्वाचे. भाडेकरूने भाडेहक्क सोडण्याबद्दल वा दुसऱ्यास देण्याबद्दल रक्कम घेणे, आणि मालकाने भाडेपट्टा देण्याबद्दल, त्याचे नूतनीकरण करण्याबद्दल अथवा हस्तांतरास संमती देण्याबद्दल अधिमूल्य घेणे, ह्या दोन्ही गोष्टी त्याने वैध केल्या. जुन्या १८ व्या व १९ व्या कलमांतील शब्द जणू उलट करून येथे मांडले आहेत. १९५९ व १९७३ च्या दुरुस्त्यांनी एका दिनांकापूर्वीचे व्यवहार माफ केले होते. येथे पुढील सर्व व्यवहारच मोकळे झाले. १८८२ च्या अधिमूल्याकडे कायदा ११८ वर्षांनी परतला. पण तो पूर्णतः परतला नाही. नव्या अधिनियमाच्या २६ व्या कलमाने, करारात तशी मुभा नसेल तर, हस्तांतर आणि पोटभाडे ह्यांवरील बंदी तशीच ठेवली आहे. जुन्या पावत्यांवर चालणाऱ्या भाड्यांत असा करार क्वचितच असतो. परिणामी रक्कम घेणे वैध झाले तरी मालकाच्या संमतीवाचून हस्तांतर होऊ शकत नाही. संमतीची किंमत मागणे मात्र आता वैध झाले. एकूण मोबदल्याच्या एकतृतीयांशाच्या आसपास मालकाचा हिस्सा धरण्याची जी पद्धत बाजारात दिसते, ती कोणत्याही कलमात नाही. परंतु तिचा आधार २६ आणि ५६ ह्या दोन कलमांच्या संयोगात आहे.

पागडीने घर घेणारा आज नेमके काय घेतो? तो भाडेकरूचे स्थान घेतो. भाडे थकल्यास, जागा वाजवी कारणावाचून सलग सहा महिने न वापरल्यास, परवानगीविना पक्के बांधकाम केल्यास, किंवा दुसऱ्यास ठेवल्यास त्याच्याविरुद्ध ताब्याचा दावा होऊ शकतो. मोजलेली पागडी ही ह्या दाव्यास उत्तर होत नाही. मालमत्तेचे हक्कलेख मालकाच्या नावे असल्याने जागा गहाण ठेवून कर्ज मिळणे सामान्यतः शक्य होत नाही. त्याच्या मृत्यूनंतर हक्क प्रथम त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. असा कोणी नसेल तरच वारसाचा विचार होतो. शहराबाहेर नोकरीस असलेल्या मुलास ही गोष्ट बहुधा वडिलांच्या पश्चात कळते. म्हणून असा व्यवहार करणाऱ्याने पाहावयाच्या गोष्टी खरेदीखताच्या व्यवहारातील गोष्टींहून भिन्न आहेत. पूर्वीच्या पावत्या अखंड कोणाच्या नावे आहेत, मालकाची संमती लेखी व नोंदणीकृत आहे काय, इमारतीवर उपकर आहे काय आणि असल्यास ती कोणत्या वर्गातली, हे त्याने पाहिले पाहिजे.

शेवटची ही बाब अलीकडे सर्वांत महत्त्वाची झाली आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ३३(७) ह्या नियमाने उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासास जादा चटईक्षेत्राचे प्रोत्साहन दिले. अशा पुनर्विकासात जुन्या भाडेकरूस नव्या इमारतीत किमान क्षेत्राची सदनिका विनामूल्य आणि सहकारी संस्थेच्या द्वारा मालकी हक्काने मिळते. म्हणजे भाडेहक्काचे मालकीत रूपांतर होते, तेही इमारत पाडली गेल्यावर. गिरगाव, लालबाग, परळ येथील पागडीच्या किमतींत ह्या अपेक्षेचा अंश मिसळलेला असतो; खोली किती चौरस फुटांची आहे यापेक्षा इमारत कधी पडणार हे गिऱ्हाईक आधी विचारते. ज्या इमारतींत मालक, भाडेकरू आणि विकासक ह्यांचे जुळत नाही, तेथे लोक टेकू दिलेल्या जिन्यांवरून ये-जा करीत वर्षानुवर्षे वाट पाहतात.

१९८६ च्या आठ-अ प्रकरणावरील मालकांच्या आव्हानातून निघालेला मुख्य घटनात्मक प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे गेला. खाजगी मालकीची प्रत्येक वस्तू ही संविधानाच्या ३९ (ब) ह्या अनुच्छेदातील 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' ठरते काय, असा तो प्रश्न होता. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने उत्तर दिले की, प्रत्येक खाजगी मालमत्ता अशी साधनसंपत्ती नव्हे. काही मालमत्ता मात्र तिच्या स्वरूपावरून व समाजावरील परिणामावरून तशी ठरू शकते. पीठाने उत्तर दिले ते ह्या तत्त्वापुरते. १९४० च्या भाड्याच्या शंभरपट रक्कम ही भरपाई म्हणून पुरेशी आहे काय, हा मालकांच्या तक्रारीचा गाभा त्या उत्तराच्या कक्षेबाहेर राहिला.